एका बटनाचं बाथरूम

आमच्या भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावानं, आयुष्यात पुष्कळ गोष्टी स्वतःच्या हातानं केल्या आहेत. त्यातली एकही पहिल्या झटक्यात चाललेली माझ्या पाहण्यात नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे बाथरूम आलं की कुणी दचकणार नाही.

आमचं घर अनसिंगच्या रस्त्याला, मळ्यातच. दोन भाऊ, दोन जावा, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दाराशी एक म्हैस. माझे हे पहाटेच माल घेऊन वाशिमच्या बाजारात जातात, त्यामुळे घरातल्या प्रत्येक नाटकाचा पहिला अंक त्यांचा चुकतो. माझा एकही चुकत नाही.

आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि बोलायचंच असेल तर तिसऱ्या कुणाला तरी. हल्लीच्या पोरी ही रीत पाळत नाहीत. मी पाळते, कारण इतकी सोयीची रीत मला दुसरी भेटलेली नाही. माणसाच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते सगळं म्हशीला बोलता येतं, भिंतीला बोलता येतं, आणि तो माणूस तिथेच उभा राहून ऐकत असतो. "काय व माय, आज पेंड नाही भेटली का तुले? मालकाच्या हातात मोबाईल असन," असं मी म्हशीला म्हटलं की भासरे मोबाईल खिशात घालून पेंड आणायला जातात. जाता जाता जाऊबाईंना म्हणतात, "तिले सांग, आनून राह्यलो." ती म्हणजे मी. मी दोन हातांवर उभी असते. इतकी वर्षं आमचा संसार असाच दुभाषे लावून चालला आहे.

आता बाथरूम. भासऱ्यांची एकुलती एक लेक, माझी पुतणी, कारंज्याला दिली आहे. तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले, आणि ती सातव्यातच माहेरी येऊन राहिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिची सासू सातव्या महिन्याची ओटी भरायला आली, आमच्या अंगणातली न्हाणी तिनं पाहिली आणि तिचा चेहरा असा झाला की जणू आम्ही तिच्या सुनेला नाल्यावर नेऊन अंघोळ घालणार आहोत. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी टिनाचे पत्रे आणि चौथ्या बाजूनं सगळं वाशिम.

"ईहीनबाई, राग नका मानू," ती माझ्या जावेला म्हणाली. "पन बाळंतपन थंडीत येऊन राह्यलं. ओली बाळंतीन इथून घरात नेणार कशी? त्यापेक्षा आमच्याच इथं होऊ द्या. नवं घर हाये. बाथरूमात धूर ओढाचा पंखा हाये. लाईट पन पाहिजे तसा बारीक होते, लेकराच्या डोळ्यावर येत नाही."

जाऊबाईंनी सुपातले निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.  त्यांची आई त्यांच्या लग्नाआधीच गेलेली. त्यांचं बाळंतपण आमच्या सासूबाईंनी केलं, म्हणजे भांडी विसळावीत तसं त्यांना विसळलं. तेव्हापासून त्या बाईनं एकच गोष्ट मनात धरली होती: माझ्या लेकीच्या अंगावर मी पाणी घालीन. सवा महिना, माझ्या हातानं. त्यांनी ना कधी साडी मागितली, ना दागिना. त्यांना हा सवा महिना तेवढा हवा होता.

विहीणबाईंनी मुदतही घालून दिली. आठवा लागला की आमच्याकडे गर्भारशीला गाडीत बसवत नाहीत. तेव्हा त्या म्हणाल्या, सातवा संपायच्या आत मी येते, तुमची सोय पाहते, नाही जमलं तर सूनबाईला सोबत नेते.

एखादा शहाणा माणूस यावर काय करील? वायरिंगवाला बोलावील. भासऱ्यांना हे ऐकवलं तेव्हा ते जाऊबाईंना म्हणाले, "बोरची मोटर कोन जोडली? मीच ना?" बोरची मोटर त्यांनीच जोडली होती हे खरं. ती उलटी फिरत होती, हेही खरं.

स्वयंपाकघराच्या मागे कांदे ठेवायची खोली होती. तिला खिडकी नाही, कारण कांद्याला खिडकी लागत नाही. तिथे गवंडी आला, फरशी बसली, नळ आले. गवंड्याचं काम चांगलं झालं, म्हणून त्याच्याविषयी मला काही सांगण्यासारखं नाही. मग एका दुपारी भासरे वाशिमहून खोकी घेऊन आले. भिंतीत वर बसवायचा, हवा बाहेर फेकणारा पंखा, बल्ब, वायरचं वेटोळं, आणि एक डिमर. डिमर म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच गोल बटन. ते पिळलं की लाईट कमी होतो, उलटं पिळलं की वाढतो. ते बटन त्यांनी आम्हाला असं दाखवलं की जणू कोहिनूर सापडला.

मोबाईलवर एक माणूस हिंदीतून वायरिंग शिकवत होता. भासरे त्याला मधेच थांबवून त्याची चूक सांगत होते. त्या बिचाऱ्याला ऐकू येत नव्हतं, हे त्याचं नशीब.

"पंख्याले वेगळं बटन नाही का?" जाऊबाईंनी विचारलं. एवढा साधा प्रश्न.

"कायले?" भासरे शिडीवरून म्हणाले. "बोरवर पाह्यलं ना तू? मोटर चालू झाली की स्टार्टरवरचा लाल बल्ब लागते. बल्ब दिसला म्हंजे मोटर चालू. दोघं एका लायनीवर. इथंबी तसंच. लाईट लागला की पंखा लागला. मानूस इसरते, लाईन इसरत नाही."

आता हे बोरचं खरं आहे. आमच्या ओट्यावरून रात्री वावरात तो लाल ठिपका दिसला की सगळे निश्चिंत झोपतात. मोटरीनं पाणी ओढायचं, बल्बानं ओढतेय म्हणून सांगायचं. पण त्या बल्बाला कुणी पिळून बारीक करत नाही. पिळून बारीक करायचा लाईट आणि पूर्ण जोरानं फिरायचा पंखा यांना एकाच डिमरच्या गळ्यात बांधायचं, ही अक्कल ज्यानं आयुष्यभर स्टार्टरकडे पाहिलं त्यालाच सुचते.

मी पंख्याकडे पाहून म्हणाले, "बाई पंख्या, तुही अन् बल्बाची गाठ मारून राह्यले. आता तो झोपला की तूबी झोप."

शिडीवर त्यांनी दातांनी वायर सोलली. मग, "तिले सांग, डिमर म्हंजे रेग्युलेटरच. पंख्याले रेग्युलेटर नसते का?"

"पंख्या," मी म्हणाले, "छतावरचा पंखा माणसाले वारा घालते. तुले धूर ओढाचा हाये. धूर काही हळूहळू येत नाही, बावा."

"तिले सांग, चहा ठेव."

उद्घाटन झालं. नारळ फुटला, बटन पूर्ण पिळलं, पांढरा लख्ख उजेड पडला आणि पंखा भन्नाट फिरला. भासऱ्यांनी एक उदबत्ती पंख्याखाली धरली. तिचा धूर सरळ वर जाऊन बाहेर गेला. चार शेजारी आले होते, त्यांनी माना डोलावल्या. बटन मागे फिरवून पाहावं असं त्या भरलेल्या घरात एकाही पुरुषाला वाटलं नाही. पुरुषांना कुठलंही यंत्र पूर्ण जोरावर चाललं की समाधान होतं.

मी ते संध्याकाळी फिरवलं. लाईट अर्ध्यावर आला तसा पंखा रेड्यासारखा घुरघुरायला लागला. आणखी फिरवलं, तर पाती उभी राहिली, नुसती गुणगुण, आणि बल्ब डोळा फडफडावा तसा लुकलुकायला लागला. बल्बही साधाच आणला होता, बारीक होणारा नव्हे. मी जाऊबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी भासऱ्यांना सांगितलं.

"नवा हाये," ते म्हणाले. "बसला की आवाज जाईल."

उत्तर इथेच संपलं. बसायला तो काय पाव्हणा होता? जाऊबाईंनी दोनदा पुन्हा सांगून पाहिलं. दोनदा तेच उत्तर. तिसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी त्या लेकीच्या साड्या कपाटात लावताना हात आखडता घ्यायला लागल्या. अर्ध्या साड्या पिशवीतच राहिल्या. ते पाहून मला भासऱ्यांचा असा राग आला की मी दिवसभर म्हशीशी एक शब्द बोलले नाही.

विहीणबाई आल्या. दुपारची एसटी, हातात मोठी रिकामी बॅग. त्या बॅगकडे घरातल्या प्रत्येक बाईनं पाहिलं. पुतणी ओट्यावर बसली होती. तिनं पाहून मान खाली घातली. पाणी, चहा, मग थेट बाथरूम.

"कांद्याचा वास येऊन राह्यला," विहीणबाई दारातच म्हणाल्या.

"जाईल," भासरे म्हणाले. त्यांच्या मते सगळंच आपोआप जातं.

आमची मालीशवाली मावशीही मी बोलावून ठेवली होती. बाळंतिणीला तीच तेल लावणार, तीच धुरी देणार. धुरी म्हणजे गोवरीचे निखारे, त्यावर ओवा, शेपा आणि लसणाची सालं. न्हाऊन झालं की बाळंतिणीनं त्या धुरावर बसायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळाला धुराजवळ न्यायचं नाही आणि आईलाही कोंडलेल्या धुरात बसवायचं नाही. मावशी म्हणाली होती, धुरी नाही तर मी नाही. म्हणून तर पंखा.

"चालवून दाखवा," विहीणबाई म्हणाल्या. "धुरी करा. लाईट बारीक ठेवा. कसं होते ते पाहू द्या."

"बसनार कोन?" मावशीनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. पुतणीला बसवायचं नाही. मावशीचे गुडघे तिला खाली बसू देत नाहीत. जाऊबाईंचा दमा. विहीणबाई पाव्हण्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर नीट केला आणि भिंतीला म्हणाले, "भिंती, ज्यानं वायर जोडली त्याचा मान पहिला असते. आपन कोन?"

मावशी हसली. तिला रीतबीत नाही, ती कुणाशीही बोलते. "खरं हाये, बावा. तुमीच बसा. बाळंतीन काय सोसते ते तरी कळन."

विहीणबाई पाहत होत्या. ईवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, बायकोपुढे माघार घेणारा माणूस भासऱ्यांच्या खानदानात झालेला नाही. ते आत गेले, पाटावर बसले. मावशीनं निखाऱ्याचं घमेलं समोर ठेवलं, सालं टाकली, त्यांच्या अंगावर घोंगडं ओढलं आणि दार लोटून घेतलं. फक्त एक फट ठेवली. तिच्यातून विहीणबाई पाहणार. बटन दाराबाहेर होतं. बटनाशी मी.

सुरुवातीला बटन पूर्ण. आत कापसाच्या जिनिंग कारखान्यात असतो तसा उजेड. घोंगड्यातून बाहेर आलेलं भासऱ्यांचं डोकं आणि पंख्याची भणभण.

"धूर जाऊन राह्यला," विहीणबाई म्हणाल्या. "पन ह्या उजेडात लेकरू डोळा कसा उघडन? बारीक करा."

मी बारीक केलं. अगदी हळू, नाटकात पडदा पाडतात तसं. लाईट उतरला. पंखा घुरघुरला, थकला, थांबला. बल्ब लुकलुकायला लागला.

"हे काय लुकलुक करून राह्यलं?"

"नवा हाये," आतून आवाज आला आणि पाठोपाठ खोकला.

धूर आता कुठे जाणार? तो खोलीत बसला, मग फटीतून बाहेर बघायला आला. मावशी लांब सरकली. विहीणबाईंनी पदर नाकाला लावला.

"ईवाई, बरं वाटून राह्यलं ना?"

"लय बरं." खोकला. "थोडी लाईन कमी हाये आज."

मी बटन वाढवलं. पंखा जागा झाला, धूर पळाला, उजेड डोळ्यांत घुसला. विहीणबाई म्हणाल्या बारीक, मी बारीक केलं. पंखा मेला. त्या म्हणाल्या वाढवा, मी वाढवलं. खरं सांगते, आयुष्यात इतकं मन लावून मी पुरणही कधी वाटलं नाही. आणखी एकदा बारीक केलं तेव्हा मात्र मी हात काढून घेतला आणि पदराचं टोक तपासत उभी राहिले.

आत घमेल्यावर काहीतरी चरचरलं. मग घोंगड्याखालून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, थेट माझ्याकडे: "वाढव ना वो."

आता भासऱ्यांना उत्तर द्यायचं कसं? रीत आहे. मी जाऊबाईंकडे पाहिलं. "बाई, कोनी बोलून राह्यलं का?"

"मले तं नाही आयकू आलं," जाऊबाई म्हणाल्या.

मी बत्तीस वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हापासून जावेला ओळखते असं लोक म्हणतील, पण त्या दुपारी मला ती पहिल्यांदाच भेटली.

दार धाडकन उघडलं. भासरे घोंगड्यासकट बाहेर आले. डोळे लालभडक, मिशीवर लसणाचं साल. धुराचा एक लोट त्यांच्या मागून वरातीसारखा निघाला. ओट्यावर बसून त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "लाईन डीम हाये. तिकडून डिपीवरच गडबड असन."

हे ऐकून मला हसू आवरलं नाही. चार फुटांवर चूक लोंबकळत होती आणि हा माणूस ती रस्त्यापलीकडच्या खांबावर शोधत होता.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बॅगेची चेन उघडली. वाईट बाई नव्हेत त्या. "ईवाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरीची सोय पाहा लागते. मी नेतो तिले. लेकरू झाल्यावर ईहीनबाईनं आमच्या इथं यावं, राहावं महिनाभर."

पाव्हणी म्हणून. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या तांब्यानं. पुतणी उठली आणि आत जाऊन कपाट उघडलं. ओट्यावर सगळ्यांना कपाटाचा आवाज आला.

तेव्हा जाऊबाई बोलल्या. पदर डोक्यावरच होता, आवाजही वर गेला नाही. विहीणबाईंसमोर, मावशीसमोर, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमाले एक बटन ठेवाचं हाये का पोरगी ठेवाची हाये? दोनातलं एक सांगा. मी चहा ठेवतो तोवर." आणि आत गेल्या.

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हशीकडे पाहिलं. म्हशीनं तोंड फिरवलं.

चहा उकळायच्या आत मेन स्विच खाली ओढल्याचा आवाज आला. मी डोकावले, तर भासरे शिडीवर, तोंडात टेस्टर, कपाळावर आठ्या. बोर्डावर एक खटका रिकामाच होता, पुढेमागे गिझरला लागेल म्हणून ठेवलेला. पंख्याची वायर डिमरमधून सोडवून त्यांनी त्या खटक्यावर नेली. एवढंच काम होतं. डिमरवर फक्त लाईट राहिला, आणि त्याला बारीक होणारा बल्ब माझ्या ह्यांनी संध्याकाळी वाशिमहून आणला. त्याच्या खोक्यावर तसं लिहिलेलंच असतं. भासऱ्यांनी खोकं वाचलं नव्हतं, कारण खोकी बायका वाचतात.

विहीणबाई रात्री मुक्कामाला थांबल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धुरी झाली. या वेळी आत कुणीच बसलं नाही, भासऱ्यांना कुणी विचारलंही नाही. लाईट समईइतका मंद, पंखा पूर्ण जोरात, धूर भिंतीपलीकडच्या वांग्यांवर. विहीणबाई बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कांद्याचा वास मातर येतेच." आणि बॅगेची चेन लावून टाकली. दुपारच्या गाडीनं गेल्या तेव्हा बॅगेत आमची मेथी होती, वांगी होती. त्यांची सूनबाई ओट्यावर उभी राहून हात हलवत होती. जाऊबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पिशवीतल्या उरलेल्या साड्या एकेक करून कपाटात लावायला लागल्या. मी मदतीला गेले तर त्यांनी मला हातही लावू दिला नाही.

मुलगी झाली. आता भासऱ्यांना तुम्ही भेटाल तर सांभाळून भेटा. बाळ बघायला आलेल्या प्रत्येकाला ते आधी बोर्डाशी नेतात. "पंख्याले वेगळं बटन पाहिजे बरं," ते त्याला समजावतात. "डिमरवर पंखा कधी देऊ नये. मोटर जळते. लय लोक हीच चूक करतात." हे लय लोक कुठे राहतात ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्याकडे एक लाईनमन बाळ बघायला आला होता, त्यालाही त्यांनी हे शिकवलं. तो बिचारा मान डोलावत राहिला.

पण सकाळी न्हाणं सुरू झालं की घरात दुसरंच राज्य असतं. आत जाऊबाई लेकीच्या पाठीवर कढत पाणी घालतात, नंतर मावशी बाळाला पायांवर घेते, शेवटी बाळ बाहेर जातं आणि धुरी होते. प्रत्येक वेळी उजेड वेगळा लागतो आणि बटन दाराबाहेर आहे. तिथे कुणीतरी उभं राहायला हवं. मला स्वयंपाक असतो. मग भासरे उभे राहतात, दाराकडे पाठ करून, एक हात डिमरवर. वावरातल्या गड्याला कधी नीट ऐकून न घेतलेला माणूस आतल्या आवाजाकडे कान लावून उभा असतो.

"बारीक," जाऊबाई आतून म्हणतात.

ते बारीक करतात.

"अजून थोडं. हां. आता पंखा लावा." खटका वाजतो. आत पाण्याचा आवाज, बाळाचं रडणं, मावशीचं गाणं. "वाढवा. लय झालं. कमी करा. हां, पुरे."

"काही राह्यलं का?" भासरे भिंतीकडे तोंड करून विचारतात.

"नाही. तुमी जा आता वावरात."